पाण्याचा पहिला मान



वार्षिकांत शिक्षकानें लिहावयाचें म्हणजे बहुधा वक्तशीरपणा, स्वच्छता किंवा वेळेचा सदुपयोग यांवर चार शब्द लिहावयाचे, असा आमच्या व्यवसायाचा प्रघात आहे. मीही यंदा वक्तशीरपणावरच लिहिणार होतों. तसें संपादकांस कळविलेंही होतें. परंतु गेल्या फाल्गुनांत वर्गांत एक प्रसंग घडला आणि त्यानें माझा विषय बदलून टाकला.

नववीच्या वर्गांतील एक मुलगी आठवडाभर रोज उशिरां येत होती. अभ्यासांत हुशार, स्वभावानें अबोल. पहिल्या दिवशीं मीं तिला समज दिली, दुसऱ्या दिवशीं दाराबाहेर उभें केलें, आणि तिसऱ्या दिवशीं सर्व वर्गादेखत विचारलें, "कां ग, तुमच्या घरीं घड्याळ नाहीं का?" तिनें मान खालीं घातली आणि हळूच उत्तर दिलें, "गुरुजी, झऱ्यावर माझा नंबर उशिरां लागतो." वर्गांतील कांहीं मुलें हंसलीं, परंतु डोंगरउतारावरच्या पाड्यांतून येणारीं मुलें हंसलीं नाहींत, हें माझ्या लक्षांत आलें.

पुढच्या रविवारीं दुपारीं मी तिच्या पाड्यावर गेलों. टेकडीच्या कुशींत, खडकाच्या कपारींत, परातीएवढा एक खळगा. त्यांत तळाशीं पाणी पाझरत होतें. भोंवतीं रिकाम्या हंड्यांची रांग, आणि हंड्यांच्या बाजूस बायका व मुली बसलेल्या. पाणी वाटीनें खरवडून हंड्यांत ओतावयाचें, पुन्हा पाझर फुटेपर्यंत थांबावयाचें, आणि पुन्हा वाटी बुडवावयाची. एक हंडा भरेपर्यंत माझ्या घड्याळाचा मिनिटकांटा अर्धें वर्तुळ फिरून आला. पहांटे तीन वाजतां रांगेंत बसलेल्या मुलीनें साडेदहाच्या घंटेस शाळेच्या दारांत हजर राहावें, ही माझी अपेक्षा होती! दुसऱ्या दिवशीं मीं त्याच वर्गासमोर तिची माफी मागितली. तेव्हांपासून एक प्रश्न माझ्या मनांत घोळत आहे व तोच आज तुमच्यापुढें मांडतों: ज्या डोंगरावर पाऊस पडतो, त्या डोंगरावरच्या माणसाच्या वांट्याला परातीएवढाच खळगा कां यावा?

आपल्या तालुक्यांत पाऊस कमी पडतो काय? मुळींच नाहीं. सोलापुराकडील शेतकऱ्यास वर्षाकांठीं वीस-पंचवीस इंच पावसावर संसार चालवावा लागतो. जव्हार-मोखाड्यांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. पण आपला डोंगर काळ्या पाषाणाचा, थरावर थर रचलेला आहे. त्याच्या अंगीं पाणी सांठवून ठेवण्याची शक्ति थोडी. पाषाणाच्या भेगांतून जें पाणी मुरतें, तें आंतील कठीण थरास अडतें व उतारावर वाट सांपडेल तेथें झरा होऊन बाहेर पडतें. माथ्यावर जंगल असेल, पालापाचोळा व माती शाबूत असेल, तर पाणी सावकाश मुरतें आणि झरा वैशाखापर्यंत टिकतो. डोंगर उघडा पडला कीं तेंच पाणी माती घेऊन ओहळांतून धांवतें. वैतरणा, पिंजाळ, सूर्या व वाघ या नद्यांस मिळतें. आणि दिवाळी सरली नाहीं तोंच आपण कोरडे राहतों. पावसाळ्यांत पूर आणि उन्हाळ्यांत टॅंकर, ही आपली रीत होऊन बसली आहे.

आतां हें धांवणारें पाणी जातें कोठें, तें पाहूं. मुंबई शहराची तहान भागविण्याकरतां इंग्रजी अमदानींत १८६० सालीं विहार, पुढें तुळशी, आणि १८९२ सालीं तानसा हे तलाव झाले. शहर वाढलें तशी त्याची दृष्टि वैतरणेच्या खोऱ्याकडे वळली. १९५७ सालीं मोडकसागर, १९७३ सालीं इगतपुरीकडील अप्पर वैतरणा, आणि २०१४ सालीं आपल्याच मोखाडें तालुक्यांत, कोचाळें गांवाजवळ, शंभर मीटरांहून उंच असें मध्य वैतरणा धरण उभें राहिलें. योगायोग असा कीं, याच २०१४ सालच्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेस आपला पालघर जिल्हा अस्तित्वांत आला. एकट्या मध्य वैतरणेतून शहरास रोज सुमारें साडेपंचेचाळीस कोटि लिटर पाणी मिळावें, अशी योजना आहे. पंधरा लिटरांचा एक हंडा धरला, तर हे रोजचे तीन कोटि हंडे होतात. सातवीच्या मुलांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. त्यांत मीं मिळवलेलें कांहीं नाहीं. आणि ज्या तालुक्यांत हा अथांग जलाशय पसरला आहे, त्याच तालुक्याच्या कित्येक पाड्यांना वर्षानुवर्षें उन्हाळ्यांत टॅंकरची वाट पाहावी लागते.

मी मुंबईचा द्वेष करा असें सांगत नाहीं. आपल्यापैकीं अनेकांचे भाऊ व बाप भात झोडून झाल्यावर ठाणें, भिवंडी, वसई अशा ठिकाणीं कामाला जातात. तेही तेंच पाणी पितात. तहानलेल्याला पाणी पाजणें हें सर्व धर्मांनीं पुण्यच मानिलें आहे. परंतु पाहुण्यास ताट वाढतांना घरचें लेंकरूं उपाशी ठेवणें हें आतिथ्य नव्हे. १९४५ सालीं उंबरगांव व डहाणू भागांतील वारली बांधवांनीं एकजुटीनें लढा उभारून वेठीचें जूं झुगारून दिलें. पण हंड्याची वेठ आमच्या आया-बहिणींच्या माथ्यावरून अद्याप उतरलेली नाहीं, आणि ती वेठ करून घेणारा सावकार कोण, तेंही कोणास दाखवितां येत नाहीं.

पाण्याचा अभाव म्हणजे केवळ घशाची कोरड नव्हे. पाऊस संपल्यावर शेताला पाणी नाहीं, म्हणून दुसरें पीक नाहीं. दुसरें पीक नाहीं, म्हणून घर सोडून वीटभट्टीवर जावें लागतें. आईबापांबरोबर मुलेंही जातात, आणि हजेरीपटावर त्यांच्या नांवापुढें महिनोन् महिने फुल्या पडत राहतात. १९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें बालकें कुपोषणानें दगावलीं, तेव्हां सबंध महाराष्ट्र हळहळला. त्या दुःखाचीं कारणें अनेक होतीं. पण ज्या पाड्यांत परसांतल्या भाजीला व एखाद्या दुभत्या जनावराला पुरेल इतकें पाणी उन्हाळ्यांत असतें, तेथील मूल सहसा इतकें अशक्त होत नाहीं. पाण्याचा प्रश्न हा अखेर लेंकरांच्या जिवाचा प्रश्न आहे.

कोणी म्हणतात, "आदिवासींना पाण्याची किंमत नाहीं, ते निसर्गाच्या भरंवशावर जगतात." हें म्हणणाऱ्यांनीं आमच्या पाड्यांवर चार दिवस राहून पाहावें. येथील वारली, कोकणा, कोळी महादेव, कोळी मल्हार, ठाकूर व कातकरी यांच्या जगण्यांत पाणी जितकें मुरलें आहे, तितकें तें आपल्या पुस्तकांत मुरलेलें नाहीं. वारल्यांच्या देवमंडळांत पावसाचा देव नारनदेव आहे आणि धान्याची माता कणसरी आहे. पहिल्या पावसानंतर उगवणारी कोवळी रानभाजी देवाला दाखविल्यावांचून तोंडीं घालावयाची नाहीं, अशी चाल जुन्या घरांतून अद्याप आढळते. चढणीचे मासे कोणत्या ओहळानें वर येतील, कोणत्या डोहाचें पाणी सर्वांत शेवटीं आटेल, उंबर व जांभूळ कोठें दाट वाढले म्हणजे खालीं ओल आहे असें समजावें, हें ज्ञान अक्षरशत्रू म्हाताऱ्यालाही असतें. जिव्या सोमा म्हसे यांनीं वारली चित्रकला जगापुढें नेली व २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतील मासेमारीचें तें भलें मोठें जाळें पाहावें. पाण्याशीं ज्याचें नातें आहे, त्याच्याच हातून तें उतरावें.

माझे श्रद्धेचे मार्ग भिन्न आहेत. पण पाण्याजवळ जातांना माणसानें नम्र असावें, ही शिकवण मला परकी वाटत नाहीं. त्या शिकवणींत एक व्यवहारही दडलेला होता. झरा सर्वांचा, म्हणून त्याचे नियमही सर्वांचे. वरच्या अंगास प्यावयाचें पाणी, त्याखालीं गुरांचें, आणि त्याही खालीं धुण्याचें. झऱ्यावरचें झाड तोडावयाचें नाहीं. पावसाळ्यापूर्वीं गाळ सर्वांनीं मिळून काढावयाचा. हे नियम कोणत्याही दप्तरांत लिहिलेले नव्हते, पण ते मोडणाऱ्याची पाड्यांत नाचक्की होत असे.

येथें मला आपल्या माणसांसही दोन कटु शब्द सांगणें भाग आहे. हे नियम आज कितीसे राहिले आहेत? हातपंप आला आणि झऱ्याकडे पाठ फिरली. हातपंप मोडला, तेव्हां झरा गाळानें बुजून गेला होता. कांहीं तरुण डोहांत ब्लीचिंग पावडर किंवा शेतीचें औषध टाकून मासे धरतात. त्या एका दिवसाच्या कालवणापायीं लहान मासा, खेकडा, बेडूक सगळेच मरतात, आणि तेंच पाणी खालच्या पाड्याला प्यावें लागतें. डोंगरमाथ्यावरचें लांकूड रात्रीं कोण तोडतो व तें कोणाच्या गाडींतून जातें, हें गांवाला ठाऊक असतें. पण बोलत कोणी नाहीं. याचा दोष आम्हां शिक्षकांवरही आहे. जुनें तें सर्व अडाणी, असें आम्हीं मुलांस कळत न कळत शिकविलें. आजोबांचें अडाणीपण टाकून देतांना त्यांचें शहाणपणही टाकलें गेलें.

तर मग उपाय काय? सरकार करील, असें म्हणून स्वस्थ बसणारे पुष्कळ. आणि सरकार कांहींच करीत नाहीं, असें म्हणून स्वस्थ बसणारेही तितकेच. दोघेही बसलेलेच असतात. माझें मत असें आहे कीं, ज्याच्या पायथ्याशीं पाणी उगवतें, त्याला त्या पाण्याचा पहिला मान मिळाला पाहिजे. आणि ज्याला पहिला मान हवा, त्यानें राखणीचें पहिलें ओझेंही उचललें पाहिजे. मान आणि राखण हीं एकाच कावडीचीं दोन टोकें आहेत.

हें केवळ माझें मत नव्हे. देशाच्या कायद्यांतही याला आधार आहे, हें पालकांनीं लक्षांत घ्यावें. जव्हार व मोखाडें हे तालुके घटनेच्या पांचव्या अनुसूचींतील क्षेत्रांत येतात. १९९६ सालच्या पेसा कायद्यानें अशा क्षेत्रांतील लहान जलाशयांचें नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोंपविलें आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१४ सालीं त्याचे नियम केले. त्या नियमांप्रमाणें एखादा पाडाही स्वतंत्र गांव म्हणून घोषित होऊन आपली ग्रामसभा भरवूं शकतो. २००६ सालच्या वनहक्क कायद्यांत पाणवठ्यांतील मासे व इतर उपज यांवरचा सामूहिक हक्क मानिला आहे. पाणलोट व पाण्याचे स्रोत यांचें रक्षण करण्याचा अधिकारही त्यानेंच ग्रामसभेस दिला आहे. म्हणजे झऱ्यावरचें झाड तोडूं नये, हा आजोबांचा नियम आतां ग्रामसभेच्या ठरावाच्या रूपानें कायद्याचें बळ घेऊन उभा राहूं शकतो. परंतु ग्रामसभेच्या दिवशीं आपण कोठें असतों? कोणी बाजारांत, कोणी लग्नांत. आणि बायका झऱ्यावर. ज्या बाईला पाण्याचा प्रश्न सर्वांत अधिक कळतो, तिचाच शब्द सभेंत ऐकूं येत नाहीं.

हें साधतें काय, अशी शंका कोणास येईल. त्यासाठीं महाराष्ट्राच्या पूर्व टोंकाकडील एक उदाहरण सांगतों. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या मुलुखांत गोंड राजांच्या काळीं, जो तळें बांधील त्यास जमीन, असें उत्तेजन मिळालें आणि कोहळी समाजाच्या कुशल लोकांनीं हजारों तळीं उभारलीं. १९५० नंतर मालगुजारी नष्ट झाली व तळीं सरकारकडे गेलीं. मालक बदलला, पण राखणदार उरला नाहीं. गाळ सांचला, बेशरमीचीं झुडपें माजलीं, बाहेरून आणून सोडलेल्या माशांनीं देशी मासा हटविला. पुढें गोंदियाच्या अर्जुनी-मोरगांव भागांत ढीवर मच्छीमारांनीं, आणि विशेषतः त्यांच्या स्त्रियांनीं, हें काम हातीं घेतलें. बेशरम उपटून काढली, माशांना आश्रय देणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी मासे सोडले. तळीं पुन्हा जिवंत होऊं लागलीं, पक्षी परतले, जाळ्यांत मासा आला. त्यांनीं हें पुस्तकांतून शिकून केलें नाहीं. कोणती वनस्पति कोणत्या माशाला हवी, तें त्यांच्या घरांतील वडील माणसांस ठाऊक होतें. कोणी तरी तें विचारलें, एवढेंच. आपल्याही पाड्यांवर असें विचारण्याची वेळ आली आहे.

वेळ आली आहे, असें म्हणण्यास आणखी एक कारण आहे. मुंबईकरतां गारगाई व पिंजाळ या नद्यांवर धरणें बांधण्याच्या योजना पुष्कळ वर्षांपासून आंखलेल्या आहेत. दमणगंगा व पिंजाळ जोडण्याच्या योजनेंत भूगड व खारगीहिल येथील जलाशय धरलेले आहेत. हीं नांवें नकाशावर बारीक अक्षरांत असतात. पण त्या अक्षरांखालीं घरें, शेतें, स्मशानें आणि देवांचीं ठाणीं आहेत. धरणाखालीं गेलेल्या जमिनीचें दुःख महाराष्ट्रास नवें नाहीं. १९२१ सालीं मुळशीच्या मावळ्यांनीं सेनापति बापटांच्या मागें उभें राहून सत्याग्रह केला, तो याच दुःखापायीं. मी अभियंता नव्हे. कोठें धरण असावें व कोठें नसावें, हें सांगण्याचा अधिकार मला नाहीं. पण एक गोष्ट साध्या न्यायाची म्हणून सांगतों. नव्या धरणाचा पहिला दगड बसण्यापूर्वीं, बुडणाऱ्या गांवांच्या ग्रामसभेला तिच्या भाषेंत सर्व हकीकत समजावून सांगितली पाहिजे, आणि तिनें दिलेलें उत्तर, मग तें 'नाहीं' असलें तरी, मानलें पाहिजे. आणि जुन्या धरणांच्या कांठच्या पाड्यांना नळ मिळाल्यावांचून नव्या धरणाची गोष्टही काढूं नये.

आतां तुमच्याकडे वळतों, विद्यार्थिमित्रहो. तुम्ही म्हणाल, हीं मोठ्यांचीं कामें. आम्हीं काय करावें? पुष्कळ करतां येईल, आणि त्यानें अभ्यास बुडणार नाहीं. उलट भूगोल व गणित यांचा अभ्यास पक्का होईल.

प्रत्येकानें आपल्या पाड्याच्या झऱ्याची एक वही करावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं एक हंडा भरावयास किती मिनिटें लागतात, तें तारखेसह लिहावें. तीन-चार वर्षांची अशी नोंद ग्रामसभेपुढें ठेवली, तर ती कोणत्याही भाषणापेक्षां प्रभावी ठरेल. आजी-आजोबांस विचारून आपल्या शिवारांतील प्रत्येक डोहाचें, ओहळाचें व झऱ्याचें नांव लिहून घ्यावें. ज्याला नांव असतें, त्याचा माणसाला सहसा विसर पडत नाहीं. पाऊस उघडल्यावर, ओहळ वाहता असतांनाच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारा घालतां येतो. त्याला पैसा लागत नाहीं. दहा-वीस माणसांचे हात व एक दिवस लागतो. त्या बंधाऱ्यामागें अडलेलें पाणी गुरांना व भाजीला पुष्कळ दिवस पुरतें, आणि खालच्या विहिरीची पातळीही टिकून राहते. झऱ्याच्या वरच्या अंगास उंबर, जांभूळ, करंज लावावे व दोन उन्हाळे जगवावे. आणि डोहांत औषध टाकणारा आपला सख्खा भाऊ असला, तरी त्यास निर्भयपणें सांगावें, "दादा, हें पाणी खालच्या पाड्यांतलें पोर पितें."

मुलग्यांना एक वेगळी विनंति आहे. घरांत बहीण व तुम्ही एकाच शाळेंत शिकत असाल, तर एक दिवस तिनें हंडा उचलावा व एक दिवस तुम्हीं उचलावा. हंडा डोक्यावर घेतल्यानें पुरुषाचा मान जात नाहीं. उलट ज्या दिवशीं गांवांतील पुरुष रांगेंत बसूं लागतील, त्या दिवसापासून पाण्याचा प्रश्न ग्रामसभेंत सर्वांच्या आधीं निघेल, अशी माझी खात्री आहे.

त्या मुलीविषयीं सांगावयाचें राहिलें. तिनें आपल्या झऱ्याची वही सुरू केली आहे. गेल्या महिन्यांत तिनें ती मला आणून दाखविली. अक्षर सुंदर, आंकडे नीटनेटके. वैशाखांत एक हंडा भरावयास एकतीस मिनिटें. भाद्रपदांत एक मिनिट. शेवटच्या पानावर तिनें बारीक अक्षरांत लिहिलें होतें, "पुढच्या वैशाखांत वीस मिनिटें व्हावीं, म्हणून आम्हीं वर सात उंबर लावले आहेत." सात रोपट्यांनीं एका वर्षांत झरा वाढत नाहीं, हें मला ठाऊक आहे, तिलाही तें मीं सांगितलें. तेव्हां ती म्हणाली, "मग माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळेला तरी वाढेल, गुरुजी." ती धाकटी बहीण येत्या जूनमध्यें आमच्या शाळेंत पांचवींत येत आहे.